मीटर भाडेपट्ट्यावर, मैदान पडीक : इंडियानापोलिसच्या दोन फायली

इंडियानापोलिसचं नाव आपल्याकडे कानावर आलेलं असतं ते मोटारशर्यतीमुळे. अमेरिकेच्या इंडियाना राज्याची ही राजधानी, सपाट मुलखात आखून वसवलेली. १८२१ साली अलेक्झांडर रॅल्स्टन यांनी एक मैल लांब, एक मैल रुंद असा चौरस कागदावर काढला, मधोमध गोल चौक ठेवला, आणि डाउनटाउनचा गाभा आजही साधारण तोच आहे. २०१० साली या शहराकडे स्वतःच्या मालकीच्या दोन मालमत्ता होत्या, ज्यांचं काय करायचं हे ठरत नव्हतं. एक म्हणजे मुख्यतः डाउनटाउनमधल्या रस्त्यांची कडा, जिथे नाणी टाकून चालणारे साडेतीन हजारांहून अधिक मीटर उभे होते. दुसरी, तिथून तीनेक किलोमीटरवर, वेस्ट १६ व्या रस्त्यावरचं बुश स्टेडियम. हे १९३१ सालचं बेसबॉलचं मैदान. व्यावसायिक बेसबॉल तिथून १९९६ सालीच उठून गेलं होतं.

पार्किंग आणि मैदान हे पालिकेच्या दोन वेगळ्या खात्यांचे विषय. पण प्रश्न एकच होता : जागा लोकांची आहे, तिच्यातून मिळायला हवं तेवढं मिळत नाही, आणि दुरुस्तीला पैसे नाहीत. एका बाबतीत शहरानं घाईनं पन्नास वर्षांचा करार केला. दुसऱ्या बाबतीत जवळपास पंधरा वर्षं ठोस असं काहीच केलं नाही. दोन्हींचे निकाल आता समोर आहेत, म्हणून त्या फायली शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

पाऊण डॉलरचा तास

मीटरचा दर तासाला पाऊण डॉलर होता, आणि तीन दशकांहून अधिक काळ त्याला कुणी हात लावला नव्हता. १९८० सालचे पाऊण डॉलर म्हणजे महागाईच्या हिशेबानं २०१० चे जवळपास दोन डॉलर. म्हणजे दर वाढवायचा नाही असं ठरवून शहर दर वर्षी तो कमीच करत होतं. नगरसेवकांना हे कळत नव्हतं असं नाही. पण पार्किंगचा दर ही अशी गोष्ट आहे की वाढवणाऱ्याचं नाव लोक लक्षात ठेवतात आणि न वाढवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

स्वस्त मीटरचा परिणाम पुण्या-ठाण्यातल्या कुणालाही सांगावा लागणार नाही. रस्त्यावरची जागा गॅरेजपेक्षा स्वस्त असली की आधी ती भरते, आणि बहुतेकदा ती भरणारा गिऱ्हाईक नसून समोरच्याच दुकानातला किंवा ऑफिसातला कर्मचारी असतो. इंडियानापोलिसला संध्याकाळी सहानंतर मीटर बंद होत. त्यामुळे सहाच्या सुमारास लागलेली गाडी रात्री उशिरापर्यंत तिथेच. डाउनटाउनमध्ये संध्याकाळची वर्दळ नव्हती तोवर हे खपून गेलं. पण १९९६ साली व्हिक्टरी फील्ड हे नवं बेसबॉल मैदान गावाच्या मध्यभागी आलं, २००८ साली लुकास ऑइल स्टेडियम उघडलं, मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवर खाण्यापिण्याची ठिकाणं वाढली. आता सहानंतरच जागेची खरी मारामारी सुरू व्हायची आणि मीटर मात्र नेमके त्या वेळी झोपलेले.

या विषयातलं मोठं नाव म्हणजे कॅलिफोर्नियातले दिवंगत प्राध्यापक डोनाल्ड शूप. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : दर एवढा ठेवा की कडेच्या जागा साधारण ८५ टक्के भरतील आणि प्रत्येक गल्लीत एखादी जागा कायम मोकळी सापडेल. आणि त्यातून येणारा पैसा त्याच भागातल्या फुटपाथवर, दिव्यांवर खर्च करा, म्हणजे दुकानदार विरोध सोडतील. कॅलिफोर्नियातल्या जुन्या पॅसाडेना भागात १९९३ सालीच हे करून झालं होतं, आणि तिथल्या दुकानदारांचा विरोध याच आश्वासनानं मावळला होता. तेव्हा औषध माहीत होतं. इंडियानापोलिसला अडत होतं ते कडू घोट कुणी पाजायचा यावर.

त्यात तिजोरीची अडचण. इंडियाना राज्यानं घरपट्टीवर मर्यादा घातली होती. राहत्या घराला किमतीच्या एक टक्क्याहून जास्त कर नाही, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांनी ही मर्यादा थेट राज्यघटनेत घातली. पालिकेचं उत्पन्न आखडलं. रस्ते आणि फुटपाथ उखडलेले. २०१२ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला सर्वांत मोठा सामना, शहरात व्हायचा होता. महापौर ग्रेग बॅलार्ड यांनी पाणी आणि सांडपाण्याची यंत्रणा एका सार्वजनिक न्यासाकडे सोपवून रस्त्यांसाठी पैसा उभा करायचं ठरवलं होतं. त्याच झपाट्यात मीटरची पाळी आली.

शिकागोची धास्ती

ऑगस्ट २०१० मध्ये प्रस्ताव आला : झेरॉक्सनं नुकत्याच विकत घेतलेल्या एसीएस या कंपनीच्या गटाला मीटर पन्नास वर्षांसाठी द्यायचे, बदल्यात एकरकमी पैसे आणि दरवर्षीच्या वसुलीत हिस्सा.

लोकांच्या डोळ्यांपुढे लगेच शिकागो आलं. इंडियानापोलिसपासून ते तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर. तिथे डिसेंबर २००८ मध्ये सुमारे ३६,००० मीटर ७५ वर्षांसाठी मॉर्गन स्टॅन्लीच्या पुढाकारातल्या गटाला दिले गेले, १ अब्ज १५ कोटी डॉलरच्या वर रक्कम घेऊन. नगरसेवकांना कागद वाचायला जेमतेम दोन दिवस मिळाले आणि ४० विरुद्ध ५ मतांनी ठराव झाला. सहा महिन्यांनी शहराच्याच महानिरीक्षकांनी अहवाल दिला की शहरानं मीटर आपल्याकडे ठेवले असते तर त्यांची किंमत याहून ९७ कोटी डॉलरनं जास्त भरली असती. मिळालेली बहुतेक रक्कम दोनेक वर्षांत अंदाजपत्रकातली भोकं बुजवण्यात गेली. वर करारात मेख अशी की जत्रा, मिरवणूक किंवा रस्तादुरुस्तीसाठी शहरानं मीटर बंद ठेवले तर बुडालेली वसुली कंपनीला भरून द्यायची. स्वतःच्या रस्त्यावर सायकलपट्टा आखायचा तर आधी भाडेकरूचा हिशेब चुकता करायचा, असा हा प्रकार.

इंडियानापोलिसच्या लोकांनी आरडाओरडा केला त्याला हे कारण होतं, आणि त्याचा उपयोग झाला. हा भाग मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, कारण सार्वजनिक विरोधानं करार मोडला नाही, पण त्याचा आकार बदलला. दुरुस्त मसुद्यात एकरकमी रक्कम कमी करून २ कोटी डॉलरवर आणली आणि शहराचा पुढच्या वसुलीतला वाटा वाढवला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर दहा वर्षांनी, ठरलेली रक्कम देऊन, शहराला करारातून बाहेर पडता येईल असं कलम घातलं गेलं. १५ नोव्हेंबर २०१० रोजी २९ सदस्यांच्या नगर परिषदेत ठराव १५ विरुद्ध १४ असा, एका मतानं, निसटता मंजूर झाला. नव्या व्यवस्थेचं नाव पडलं पार्क-इंडी.

दोन्ही करारांतला फरक आकड्यांत पाहिला की स्पष्ट होतो. शिकागोनं एकेका मीटरमागे सुमारे ३२,००० डॉलर आधीच उचलले आणि पाऊण शतक हात बांधून घेतले. इंडियानापोलिसनं मीटरमागे साधारण साडेपाच हजार उचलले आणि उरलेलं वसुलीतल्या हिश्शावर ठेवलं. हिश्शाचं सूत्र असं : वर्षाच्या पहिल्या ७० लाख डॉलरच्या वसुलीतले ३० टक्के शहराला, त्यावरच्या वसुलीतले ६० टक्के. समजा, एखाद्या वर्षी ८० लाख जमले. तर पहिल्या ७० लाखांचे २१ लाख आणि वरच्या १० लाखांचे ६ लाख, मिळून २७ लाख शहराचे. उरलेले ५३ लाख कंपनीचे, त्यातून तिनं यंत्रं, माणसं, दंडवसुली आणि आपला नफा भागवायचा.

हे सूत्र नीट पाहिलं तर एक गोष्ट खटकते. सत्तर लाखांच्या वर शहराचा वाटा दुप्पट होतो, म्हणजे दर किंवा वेळ वाढली की वाढीव पैशातला मोठा भाग शहराकडे येतो. दर कमी ठेवण्याची नगरसेवकांची जुनी ओढ त्यामुळे सैल झाली. पण त्याचबरोबर वसुली आणि वाहतुकीचं नियोजन यांच्यातली रेघही पुसट झाली. शूप यांचा दर जागा मोकळी राहावी म्हणून ठरतो, आणि कधीकधी त्यासाठी दर उतरवावाही लागतो. वसुलीवर बेतलेला करार दर उतरवायला कशाला सांगेल?

काय सुधारलं

सुधारलं बरंच, हे मान्य करायला हवं. २०११ मध्ये कार्ड घेणारे मीटर आले. चिल्लर शोधत बसण्याची कटकट संपली, पुढे फोनवरून वेळ वाढवण्याची सोयही झाली. दर टप्प्याटप्प्यानं वर्दळीच्या भागात दीड डॉलरवर गेला. मीटर संध्याकाळी नऊपर्यंत चालू राहू लागले. सहाला येऊन मध्यरात्रीपर्यंत ठाण मांडणाऱ्या गाड्या गॅरेजकडे वळण्याला यानं निदान कारण मिळालं. डाउनटाउनमध्ये गॅरेज कमी नव्हतीच. दिवसा ऑफिसवाल्यांनी भरायची आणि रात्री रिकामी, त्या वेळी सामन्याला आलेल्यांनी तिथे लावायच्या, हा दुहेरी वापर डाउनटाउनमधल्या मैदानाचा सर्वांत मोठा फायदा असतो. उपनगरातल्या स्टेडियमभोवती डांबराचं जे मैदान पसरावं लागतं ते इथे लागत नाही. फक्त रस्त्यावरची जागा फुकट नसली पाहिजे, नाहीतर गॅरेजमध्ये कोण जाईल?

पण यातलं कुठलं काम कंपनीवाचून अडलं होतं? दर वाढवणं हा परिषदेचा अधिकार. नऊपर्यंतची वेळ हा एका ठरावाचा विषय. कार्डाचे मीटर बाजारात विकत मिळतात, आणि ते चालवायला ठेकेदार ठरावीक मोबदल्यावर नेमता येतो. सॅन फ्रान्सिस्कोनं त्याच वर्षी सुमारे ७,००० मीटरच्या जागांवर मागणीनुसार बदलणारे दर सुरू केले, मालकी आणि दर दोन्ही स्वतःकडे ठेवून. इंडियानापोलिसनं कंपनीकडून खरं तर विकत घेतली ती राजकीय ढाल. दरवाढीची शिवी खायला तिसरं कुणीतरी मिळालं, आणि त्याची किंमत पन्नास वर्षांच्या वसुलीतून द्यायची ठरली. २ कोटी ही रक्कम माझ्या मते किंमत नव्हतीच. ते भावी वसुलीवर काढलेलं कर्ज होतं.

एकरकमी पैशातला एक मोठा वाटा, ६३.५ लाख डॉलर, ब्रॉड रिपल या उत्तरेकडच्या वस्तीत एका खासगी विकासकाच्या पार्किंग गॅरेजला दिला गेला. गॅरेज २०१३ मध्ये उघडलं, सुमारे ३५० गाड्यांचं, खाली दुकानं. पैसे लोकांचे, मालकी विकासकाची. मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(२४) खाली बिल्डरांना वाढीव चटईक्षेत्र देऊन सार्वजनिक वाहनतळ बांधून घेतले, आणि त्यातले कितीतरी रिकामे राहिले, कारण बाहेर रस्त्यावर गाडी फुकट लावता येत होती. शेवटी जुलै २०१९ मध्ये महापालिकेला वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा पार्किंगला हजारो रुपयांचा दंड लावावा लागला. आधी इमारत आणि मग रस्त्याचा दर, असा उलटा क्रम लावला की हेच होतं.

कडेची जागा दुसऱ्याच्या हाती दिल्याचा त्रास कळायला पाच वर्षं लागली. सप्टेंबर २०१५ मध्ये ब्लूइंडी ही विजेवरच्या भाड्याच्या मोटारींची योजना आली, फ्रान्सच्या बोलोरे गटाची. तिला चार्जिंगचे खांब रोवायला रस्त्याकडेची जागा हवी होती. काही ठिकाणी ती मीटरचीच निघाली, आणि गेलेल्या मीटरच्या वसुलीची भरपाई पार्क-इंडीला देणं आलं. शिवाय जागा द्यायच्या आधी परिषदेला विचारलं नाही म्हणून महापौर आणि नगरसेवक यांच्यात जुंपली ती वेगळी. २०२० च्या मे महिन्यात ब्लूइंडी बंद पडली. अशा योजना येतात आणि जातात. २०१० साली करार लिहिणाऱ्यांना भाड्याच्या स्कूटर, घरपोच जेवण आणणारे, ॲपवरच्या टॅक्सी यातलं काहीच दिसत नव्हतं, आणि दिसावं अशी अपेक्षाही नाही. पन्नास वर्षांत रस्त्याची कडा कशासाठी लागेल हे कुणालाच सांगता येत नाही, एवढं मात्र त्या वेळीही माहीत असायला हवं होतं.

१६ व्या रस्त्यावरचं मैदान

आता दुसरी फाईल.

हे मैदान बांधलं नॉर्मन पेरी यांनी, इंडियानापोलिस इंडियन्स या संघाच्या मालकांनी, विमान अपघातात गेलेल्या भावाच्या स्मरणार्थ. म्हणून आधीचं नाव पेरी स्टेडियम. सप्टेंबर १९३१ मध्ये उघडलं, म्हणजे ऐन महामंदीत. दर्शनी भाग आर्ट डेको शैलीचा. मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या इमारती डोळ्यांपुढे आणा, त्याच जमान्यातली रेषा. मैदानाच्या टोकाच्या विटांच्या भिंतीवर वेल चढवलेली. युद्धकाळात, १९४२ मध्ये, त्याचं नाव व्हिक्टरी फील्ड झालं. १९६७ साली शहरानं ते विकत घेतलं आणि त्याच गावात जन्मलेले जुने खेळाडू ओवेन बुश यांचं नाव दिलं. (१९९६ साली डाउनटाउनमध्ये बांधलेल्या नव्या मैदानानं व्हिक्टरी फील्ड हे जुनं नाव उचललं. जुनी कागदपत्रं वाचताना यामुळे हमखास गोंधळ होतो.)

या संघाचा आणि गावाचा संबंध जरा वेगळा आहे. १९५५ साली संघ बंद पडायची किंवा बाहेर जायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी दहा-दहा डॉलरचे शेअर घेऊन तो वाचवला होता. शिवाय कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये मज्जाव होता त्या काळात याच मैदानावर त्यांचे स्वतंत्र संघ खेळत. ऑस्कर चार्ल्सटन हा त्यातला थोर खेळाडू इंडियानापोलिसचाच. तेव्हा पाडून टाका म्हणणं कुठल्याही महापौराला सोपं नव्हतं.

११ जुलै १९९६ रोजी नवं मैदान उघडलं आणि जुनं रिकामं झालं. त्याआधीच्या वर्षी, १९९५ मध्ये, ते ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेलं होतं. या यादीबद्दल आपल्याकडे गैरसमज असतो. नाव लागलं म्हणजे इमारत पाडता येत नाही असं अमेरिकेत नाही. मालकानं स्वतःच्या पैशानं पाडायचं ठरवलं तर ही यादी त्याला अडवत नाही. फक्त केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतला असेल तर आढावा घ्यावा लागतो, आणि दुरुस्ती करून उत्पन्नासाठी वापरली तर करसवलतीची वाट मोकळी होते. तरी नाव लागलेलं असलं की पाडणाऱ्याला चारचौघांत उत्तर द्यावं लागतं. जपणुकीसाठी काम करणाऱ्या इंडियाना लँडमार्क्स या संस्थेनं हे स्टेडियम राज्यातल्या सर्वाधिक धोक्यातल्या दहा वास्तूंत घालून ते विस्मरणात जाऊ दिलं नाही.

रिकाम्या मैदानाला पहिला वापर मिळाला तो शर्यतीचा. १९९७ नंतर दोनेक हंगाम तिथे छोट्या गाड्यांच्या शर्यतींसाठी गोल धावपट्टी घालण्यात आली. याच १६ व्या रस्त्यानं पश्चिमेला गेलं की इंडियानापोलिसची जगप्रसिद्ध धावपट्टी लागते, तेव्हा कल्पना कुठून आली हे विचारायला नको. ती फार टिकली नाही. मग गवत, गंज आणि कुलूप.

आणि मग २००९. मंदीतून मोटार उद्योगाला बाहेर काढण्यासाठी केंद्र सरकारनं योजना काढली : जुनी, जास्त तेल पिणारी गाडी द्या आणि नव्या गाडीवर ३,५०० ते ४,५०० डॉलरची सूट घ्या. ३ अब्ज डॉलरची तरतूद उन्हाळ्याच्या काही आठवड्यांत संपत आली, पावणेसात लाखांहून अधिक गाड्या जमा झाल्या. त्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिन मारून टाकायची पद्धतही ठरलेली : तेल काढून टाकायचं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू करायचं. उष्णतेनं द्रावणातलं पाणी उडून जातं, मागे काचेसारखा थर राहतो, आणि इंजिन काही मिनिटांत जाम होतं. अशा मारलेल्या गाड्या देशभर साचल्या, भंगारवाल्यांच्या जागा अपुऱ्या पडल्या. इंडियानापोलिसमध्ये त्या बुश स्टेडियममध्ये आणून लावल्या. विमानातून काढलेल्या फोटोंत दिसतं : प्रेक्षागॅलरीच्या कमानीच्या आत, फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटपासून टोकाच्या भिंतीपर्यंत, पिकअप आणि जीपगाड्यांच्या रांगा, दार उघडायलाही जागा नाही इतक्या चिकटून.

म्हणजे २०१० च्या शरद ऋतूत, परिषद डाउनटाउनच्या एका तासाच्या पार्किंगचा भाव पाऊण डॉलर असावा की दीड यावर रात्र-रात्र वाद घालत होती तेव्हा, तीन किलोमीटरवर त्याच शहराच्या मालकीची सर्वांत ऐसपैस पार्किंगची जागा न चालणाऱ्या गाड्यांनी भरलेली होती.

याला दूरदृष्टी म्हणायचं कारण नाही. ते मैदान वाचलं ते मुख्यतः कुणाला त्याचं काही सुचलं नाही म्हणून, आणि पाडायलाही पैसे लागतात म्हणून. पण तात्पुरते वापर तात्पुरतेच राहिले, हे लक्षात घेण्यासारखं आहे. शर्यतवाले आले आणि गेले, भंगार आलं आणि गेलं. कुणालाही पन्नास वर्षांचा हक्क मिळाला नाही. त्यामुळे २०११ च्या सुमारास खरा प्रस्ताव आला तेव्हा जागा मोकळी होती आणि कुणाला भरपाई देण्याचा प्रश्न नव्हता.

प्रस्ताव होता घरांचा. १६ व्या रस्त्याच्या या पट्ट्यात विद्यापीठाचं वैद्यकीय संकुल जवळ, आणि तिथे संशोधन आणि तंत्रज्ञानाच्या संस्थांसाठी ‘१६ टेक’ नावाचा नवा भाग वसवायची कल्पना पुढे येत होती. त्यात काम करणाऱ्यांना पायी अंतरावर घरं लागणारच. विकासकानं प्रेक्षागॅलरीच्या सांगाड्यात १३८ भाड्याची घरं बसवली. २०१३ मध्ये स्टेडियम लॉफ्ट्स या नावानं लोक राहायला आले. दर्शनी भिंत राहिली. आतला डायमंड, म्हणजे बेसबॉलच्या खेळाचा चौकोन, अंगण म्हणून उरला : गवत तसंच ठेवलं आणि जिथे खेळाडू धावायचे त्या मातीच्या पट्ट्या रंगवलेल्या काँक्रीटनं आखल्या. माती ठेवली असती तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ भाडेकरूंच्या दारात आली असती. जपणुकीच्या कट्टर लोकांना काँक्रीट रुचणार नाही, पण मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. तिथे उभं राहिलं की कुठे काय होतं हे कळतं, आणि ते देखभालीच्या खर्चात बसतं.

मैदान पुन्हा खेळाला मिळालं नाही, ही तक्रार रास्त आहे. आजूबाजूची वस्ती श्रीमंत नाही. तिथल्या मुलांना बॅट घेऊन जायला जागा मिळाली असती तर ती घरांपेक्षा कमी मोलाची ठरली नसती. पण शहराच्या उद्यान खात्याकडे बारा-तेरा हजार खुर्च्यांचं गळकं स्टेडियम चालवायला पैसा नव्हता, आणि छप्पर कोसळेपर्यंत वाट बघण्यापेक्षा हे बरं झालं.

दोन्ही फायली शेजारी ठेवल्या तर

आपल्याकडच्या वाचकाला यातून जुळवणी करायची असेल तर पुणं घ्यावं. महापालिकेच्या मालकीचं नेहरू स्टेडियम स्वारगेटजवळ आहे. १९९६ च्या विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला तिथे हरवलं होतं. आंतरराष्ट्रीय सामने नंतर गहुंज्याला गेले. आणि पार्किंगचं म्हणाल, तर २०१८ साली महापालिकेच्या मुख्य सभेनं धोरण मंजूर केलं, प्रचंड गोंधळात, तेही प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरतं. अंमलबजावणी वर्षानुवर्षं फायलीतच राहिली. म्हणजे पुण्यानं शिकागोसारखं विकलंही नाही आणि सॅन फ्रान्सिस्कोसारखं चालवलंही नाही. हे न करणं मैदानाच्या बाबतीत कधीकधी चालून जातं. रस्त्याच्या बाबतीत नाही. मैदान पडीक राहिलं तर त्यावर गवत उगवतं. रस्त्याची कडा पडीक राहत नाही, ती रोज सकाळी कुणीतरी फुकट व्यापतोच.

म्हणून इंडियानापोलिसच्या करारावर टीका करताना मी ती फार ताणणार नाही. एका मतानं का होईना, त्यांनी दर वाढवला आणि वेळ बदलली. पन्नास वर्षं ही मुदत मात्र अवास्तव आहे. मीटरच्या यंत्राचं आयुष्य आठ-दहा वर्षांचं, फार तर पंधरा. ठेका तेवढाच असायला हवा होता. दर दहा वर्षांनी बाहेर पडण्याचं कलम ही त्या चुकीची अर्धवट दुरुस्ती. शिवाय अशा कलमाचा उपयोग करायचा तर बाहेर पडायची रक्कम कुठून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी मीटर कोण चालवणार, याची तयारी मुदतीच्या दोन-तीन वर्षं आधी करावी लागते. पहिली खिडकी २०२१ च्या आसपास येऊन गेली, कोविडनं डाउनटाउनची ऑफिसं रिकामी करून टाकली होती त्याच काळात. शहर करारात राहिलं. पुढची खिडकी २०३१ च्या सुमारास येते. तोवर कुठल्या गल्लीत किती वाजता किती जागा रिकाम्या असतात याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवरच राहणार की पालिकेच्या वाहतूक खात्याकडेही असणार, यावर त्या वेळच्या वाटाघाटीत शहराच्या बाजूनं बसणाऱ्याला आकडा स्वतःचा मांडता येईल की समोरच्याचा मान्य करावा लागेल, हे ठरेल.